पुराआधी बोट गावात हवी: बचाव साहित्यासाठी सरकारी निधी कसा मिळवायचा

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, ब्रह्मनाळ गावी, पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. तिच्यात झेपतील त्यापेक्षा जास्त लोक बसले होते. कित्येक जीव गेले. त्या आठवड्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि तिथली धोका पातळी आहे ४५ फूट. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, पाचवी बटालियन असते पुणे जिल्ह्यात, सुदुंबऱ्याला. तिथून पथक निघून, पाण्याखालच्या रस्त्यांना वळसे घालत गावात पोहोचेपर्यंतचे तास गावालाच काढावे लागतात. त्या तासांत मदतीला असतात शेजारची पोहणारी पोरं, कोळी बांधव, पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामपंचायतीचा शिपाई. त्यांच्या हातात धड साहित्य असावं, यासाठी हा लेख आहे.

पैसा आहे. तो एका ठिकाणी नाही, आणि मागण्याची रीत ठरलेली आहे, एवढंच. ग्रामपंचायतीकडून जाणारे बरेच अर्ज ‘बोट १ नग, लाईफ जॅकेट ५० नग, टॉर्च २० नग’ अशा यादीने सुरू होतात आणि यादीवरच संपतात. तहसील कार्यालयातल्या माणसाला त्यातून कळत नाही की पन्नासच जॅकेटं का, आणि बोट आली तर ती चालवणार कोण. असा अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: आधी काम मांडा, माणसं दाखवा, मग वस्तू मागा.

काम मोजायचं कसं

मागच्या पुराची रेषा गावात सगळ्यांना ठाऊक असते. देवळाच्या भिंतीवर, शाळेच्या खांबावर खूण असते. ती धरून गावाचा नकाशा काढा आणि तीन गोष्टी लिहा: कोणत्या पातळीला कोणती वस्ती तुटते, तिथे किती माणसं राहतात, आणि त्यांतली किती जण स्वतः चालत बाहेर पडू शकत नाहीत. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले, गरोदर आणि बाळंतीण बायका यांची वेगळी यादी करा. आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे ही माहिती जवळपास तयार असते.

आता हिशेब करू. समजा, मळ्यातल्या वस्तीवर ३०० माणसं अडकतात. दहा जणांच्या बोटीत दोघे चालवणारे, म्हणजे एका खेपेला आठ जण. ३०० माणसांना ३८ खेपा. जाऊन-येऊन, चढ-उतार धरून एका खेपेला अर्धा तास लागला तर १९ तास. दिवसाउजेडाचे तास बारा, आणि पुराच्या पाण्यात अंधारात बोट घालणं म्हणजे जिवाशी खेळ. एका बोटीने हे काम एका दिवसात होत नाही, दोन बोटींनी साडेनऊ तासांत होतं. दोन बोटींची मागणी आता कुणाला हौस वाटणार नाही, कारण तिच्यामागे ३०० माणसांचा हिशेब उभा आहे. जॅकेटांची संख्याही यातूनच निघते: बोटीतल्या प्रत्येक जागेला एक, थोडी जादा, आणि लहान मुलांच्या मापाची वेगळी.

हा हिशेब मांडताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. इशारा पातळी ओलांडताच लोक हलवायला घेतले तर बोटीवरचा निम्मा भार ट्रॅक्टरच उचलतो. म्हणून प्रस्तावात भोंगा, लाऊडस्पीकर, मेगाफोन हेही घाला. ते स्वस्त आहेत, आणि ज्याला वेळेत निरोप पोहोचला त्याला बोटीची गरजच पडत नाही.

डोंगराखालच्या गावांनी मात्र नदीकाठच्या गावांची यादी उतरवून घेऊ नये. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वाडीपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. बचाव पथकं पावसात डोंगर चढून गेली, जेसीबी वर नेता आला नाही, हातांनी माती उपसावी लागली. अशा वाडीला फावडी, पहारी, घमेली, हेल्मेट, दोर, घडीचे स्ट्रेचर, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या आणि साधं पर्जन्यमापक लागतं. ही यादी काही लाखांच्या आतच बसते आणि त्यासाठी मंत्रालयापर्यंत जावं लागत नाही.

पैसा कुठून

पहिली जागा ग्रामपंचायतीतच आहे. वित्त आयोगाच्या निधीचे दोन भाग असतात, बंधित आणि अबंधित. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळासाठी, ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला ४० टक्के अबंधित. अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगार आणि आस्थापनेवर नाही. १ एप्रिल २०२६ पासूनचा काळ सोळाव्या आयोगाचा, तेव्हा टक्केवारी आणि अटी पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांकडून ताज्या घ्या. एक अट मात्र पक्की धरून चाला: खर्च गावाच्या विकास आराखड्यात असला पाहिजे. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात बाब नसेल तर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवर ती दिसणार नाही, आणि तिथे नाही त्याचे पैसे निघत नाहीत. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाच्या २०२२ च्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातही गावाचा आपत्ती आराखडा विकास आराखड्याला जोडायला सांगितलं आहे. त्याचा हवाला ठरावात जरूर द्या. जॅकेटं, दोर, मेगाफोन, प्रथमोपचार पेट्या, स्ट्रेचर यांच्यासाठी मी आधी इथेच पाहीन. बाहेर हात पसरण्याआधी स्वतःचे चार पैसे घातलेले दिसले की पुढच्या टेबलावर शब्दाला वजन येतं.

दुसरी जागा राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ४८ खाली तो उभा आहे. पंधराव्या आयोगाने एकूण रकमेचे ८० टक्के प्रतिसादाला आणि २० टक्के सौम्यीकरणाला, म्हणजे धोका आधीच कमी करण्याला, दिले. त्या ८० मध्ये ४० मदतकार्याला, ३० पुनर्बांधणीला आणि १० पूर्वतयारी व क्षमताबांधणीला. बोटी, शोध आणि बचावाची साधनं, संपर्क यंत्रणा या शेवटच्या दहामध्ये येतात. यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ग्रामपंचायतीला इथे थेट अर्ज करता येत नाही. तहसीलदारांमार्फत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जायचं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि फाईल हलते ती निवासी उपजिल्हाधिकारी व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी यांच्या टेबलावरून. जिल्ह्याची एकत्र मागणी मदत व पुनर्वसन विभागाकडे जाते. म्हणून एकट्या गावाने मागण्यापेक्षा नदीच्या एका टप्प्यातल्या पाच-सहा गावांनी मिळून मागावं. एका बोटीवर तीन गावं भागतात असं दाखवता आलं तर जिल्ह्याला तो प्रस्ताव उचलणं सोपं जातं.

तिसरी जागा जिल्हा वार्षिक योजना. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. बोट, इंजिन, अग्निशमन वाहन अशा मोठ्या वस्तूंना ही जागा चांगली. चालू योजनेत बाब बसत नसेल तर नाविन्यपूर्ण योजनेचं दार ठोठावता येतं, पण तिथे खरोखर काही नवं दाखवावं लागतं, उदाहरणार्थ पाणीपातळी मोजणारं यंत्र आणि त्याला जोडलेला भोंगा.

आमदार आणि खासदार स्थानिक विकास निधी दोन्हीकडे वर्षाला पाच-पाच कोटींचा आहे. मालमत्ता सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या नावावर राहणं ही अट. रुग्णवाहिकेसाठी हा निधी नेहमी वापरला जातो. यातून वस्तू मिळते, पण तिचा रोजचा खर्च मिळत नाही. चालक आणि डिझेल कोण देणार हे ठरल्याशिवाय गाडी मागू नका. पत्र्याच्या शेडखाली टायर बसलेली रुग्णवाहिका कुणाच्याच उपयोगाची नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व म्हणजे सीएसआर निधीत आपत्ती व्यवस्थापन हा विषय कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे. तालुक्यात साखर कारखाना, सूतगिरणी, एमआयडीसी असेल तर सीएसआर कुणाला लागू होतो ते पाहून तिथे जा, आणि एक ठराविक, पूर्ण होणारी गोष्ट मागा: ‘दोन बोटींवरच्या वीस माणसांची संपूर्ण सुरक्षा सामग्री’. ‘गावाला मदत करा’ म्हणून कुणी धनादेश लिहीत नाही.

नगर परिषदांची वाट जरा वेगळी आहे. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा थेट त्यांच्या विषयांत आहे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा लागू आहे, आणि केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यातला पैसा राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयामार्फत येतो. मुख्याधिकाऱ्यांनी आपल्या गरजा संचालनालयाकडे लेखी नोंदवल्यात का, एवढं नगरसेवकांनी सभेत विचारलं तरी पुष्कळ काम होतं.

ठराव आणि प्रस्ताव

ग्रामसभेतला ठराव मोघम नको. त्यात वस्तू, निधीचा स्रोत, देखभाल आणि जबाबदार व्यक्ती या चारही गोष्टी याव्यात. नमुना असा:

‘मौजे अमुक येथील पूरबाधित वस्त्यांमधील नागरिकांच्या बचावासाठी सोबतच्या तक्त्यातील साहित्य खरेदी करणेस, सदर बाब गावाच्या विकास आराखड्यात समाविष्ट करणेस, साहित्याची वार्षिक देखभाल व इंधन यांची तरतूद ग्रामनिधीतून करणेस, साहित्य पूररेषेच्या वर असलेल्या शाळेच्या खोलीत ठेवणेस व त्याचा ताबा ग्रामपंचायत अधिकारी यांजकडे देणेस ही ग्रामसभा सर्वानुमते मंजुरी देत आहे.’ खाली सूचक आणि अनुमोदक.

देखभालीच्या आणि जागेच्या शब्दांवर फाईल तरते. साहित्य आलं आणि सडलं, असं पुष्कळ ठिकाणी झालेलं अधिकाऱ्यांनी पाहिलेलं असतं. ग्रामसभेत कुणीतरी तात्या उठून विचारतातच, ‘सरपंच, बोट आणाल हो, चालवणार कोण?’ हा प्रश्न टाळू नका, इतिवृत्तात घ्या आणि खाली चालवणाऱ्यांची नावं लिहा. आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचं प्रशिक्षण झालेले स्वयंसेवक तुमच्या तालुक्यात असतील, त्यांची यादी जिल्हा आपत्ती कक्षात मिळते. गावातली चार-सहा पोरं आणि निदान दोन मुली पुढच्या तुकडीसाठी सुचवा.

प्रस्तावाला काय जोडायचं? ठरावाची सत्यप्रत, वस्तीनिहाय तक्ता आणि वरचा खेपांचा हिशेब, पूररेषेचा नकाशा, मागच्या पुराचे पंचनामे किंवा फोटो, दरपत्रकांवर बेतलेलं अंदाजपत्रक, साठवणीच्या जागेचा दाखला आणि प्रशिक्षित माणसांची यादी. पहिल्या पानावर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४१ चा उल्लेख करा. आपत्तीत लागणारी साधनसामग्री वापरायला तयार राहील अशा रीतीने जपणं हे त्या कलमाने स्थानिक संस्थेचं कर्तव्य ठरवलं आहे. तुम्ही मेहेरबानी मागत नाही, कायद्याने दिलेलं काम करण्यासाठी साधन मागता आहात.

प्रत देताना पोच घ्या आणि आठवड्याभरात आवक क्रमांक विचारून घ्या. क्रमांक नसेल तर अर्ज पोहोचलेलाच नाही असं समजा. पुढे प्रत्येक टेबलावर ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ असं न विचारता क्रमांक आणि तारीख सांगून विचारा.

वेळ चुकली की वर्ष गेलं

सगळ्यांत जास्त अर्ज मे महिन्यात येतात, मान्सूनपूर्व आढावा बैठका सुरू झाल्या की. तेव्हा उशीर झालेला असतो. पुराच्या आठवणी ताज्या असताना, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडा. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम सुरू होते, तेव्हा बाब आराखड्यात चढवा. जिल्हा योजनेच्या मागण्या दिवाळीच्या आगेमागे जमा होतात आणि समितीची बैठक साधारण डिसेंबर-जानेवारीत बसते. त्याआधी आमदार आणि संबंधित विभाग दोघांच्याही हातात प्रस्ताव हवा. एप्रिलनंतर निधी उतरला तर प्रशासकीय मान्यता आणि खरेदीला वेळ लागतोच, म्हणून दरपत्रकं आणि तांत्रिक तपशील आधीच तयार ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागणार असेल तर कार्यारंभ आदेश तिच्याआधी निघेल असं बघा. ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जाण्याची भीती असते, आणि मार्चच्या घाईत घेतलेली वस्तू बहुधा वाईट निघते.

प्रत्यक्ष पूर आलेला असताना त्याच कायद्याच्या कलम ५० खाली निविदेची अट बाजूला ठेवून खरेदी करता येते, पण तो अधिकार प्राधिकरणाचा आहे, सरपंचांचा नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

खरेदी: कागदावर काय लिहायचं

खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून किंवा निविदेने होते. कोणत्या रकमेपर्यंत दरपत्रकं चालतात आणि कुठून ई-निविदा लागते, ही मर्यादा शासन निर्णयांनी बदलत असते. लेखा शाखेकडून ती लेखी घ्या. निविदेत कंपनीचं नाव घालता येत नाही, म्हणून गुणवत्ता शब्दांतच पकडावी लागते. ‘उत्तम दर्जाचे लाईफ जॅकेट’ असं लिहिलं की सगळ्यांत स्वस्त थर्माकोलचं जॅकेट गावात येतं.

जॅकेटाबद्दल नीट सांगतो, कारण जीव यावरच तरतो. आयएसओ १२४०२ या मानकात तरंगण्याची ताकद न्यूटनमध्ये दिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट फक्त पोहता येणाऱ्याला आधार देतं. बेशुद्ध माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायची हमी ते देत नाही. पोहता न येणाऱ्या गावकऱ्याला १०० न्यूटन किंवा जास्त हवं, मानेमागे कॉलर असलेलं, शिट्टी आणि चमकणारी पट्टी लावलेलं, मांड्यांमधून पट्टा घेणारं, नाहीतर लहान मूल त्यातून निसटतं. बोटीवर काम करणाऱ्या पोहणाऱ्यांना ५० न्यूटनचं चालतं, त्यात हात मोकळे राहतात. निविदेत दोन्हींची संख्या वेगवेगळी लिहा.

दोर घेताना फेकायचा दोर पॉलीप्रॉपिलीनचा घ्या, तो तरंगतो. नायलॉनचा बुडतो आणि इंजिनच्या पंख्यात अडकतो. रबरी बोटीत हवेचे कप्पे वेगवेगळे असावेत, म्हणजे एक फाटला तरी बोट तरते. कापड हायपॅलॉनचं असेल तर उन्हात जास्त टिकतं, पीव्हीसी स्वस्त पण लवकर कडक होतं. इंजिनसोबत जादा पंखा, स्पार्क प्लग, ठिगळाचं सामान, हवेचा पंप आणि पुरवठादाराकडून गावात येऊन दिलेलं दोन दिवसांचं प्रशिक्षण हे सगळं त्याच किमतीत मागा. नंतर वेगळे पैसे मागायला गेलात तर कुणी देत नाही.

माल आला की घाटावर न्या. जॅकेट घालून पोहणाऱ्याला पाण्यात उतरवा, अंग सैल सोडायला सांगा, तोंड वर राहतं का पाहा. बोट फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी हवा तपासा. दोन्ही जमलं तरच स्वीकृतीवर सही, आणि सही झाल्यावरच बिल.

साहित्य आल्यानंतर

बोट, इंजिन, स्ट्रेचर यांची नोंद नमुना १६ मध्ये, जड वस्तूंच्या नोंदवहीत. बँडेज, बॅटरीचे सेल, ऑइल यांची नमुना १५ मध्ये. स्थानिक निधी लेखापरीक्षेत पहिला प्रश्न याच पानांवर येतो. तालुक्याला कळवून साहित्याची नोंद आयडीआरएन या राष्ट्रीय यादीत करून घ्या, म्हणजे शेजारच्या तालुक्यात गरज पडली तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन येताच तुमची बोट दिसेल.

साठवणीची खोली पूररेषेच्या वर हवी, आणि चाव्या दोन हव्यात. ग्रामपंचायत कार्यालय नदीकाठी आणि चावी तालुक्याला राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिशात, अशी व्यवस्था रात्री दोन वाजता कुणाच्याही उपयोगी पडत नाही. एक चावी खोलीजवळच्या घरात ठेवा आणि त्या घराचं नाव फळ्यावर लिहा.

इंजिन महिन्यातून एकदा पाण्याच्या पिंपात बुडवून दहा मिनिटं चालवा. कोरडं चालवलं तर थंडाव्याचा पंप जळतो. पेट्रोल-ऑइलचं मिश्रण महिनोन्‌महिने भरून ठेवू नका. उंदीर रबरी बोटीचा मोठा शत्रू आहे, म्हणून ती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. मे महिन्यात पूर्ण रंगीत तालीम घ्या, बायकामुलांना बोटीत बसवून. जॅकेटाचा पट्टा कसा आवळायचा हे त्यांना तेव्हाच कळू दे. क्षमतेचा आकडा बोटीच्या दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवा. नववा प्रवासी चढू लागला तर चालवणाऱ्याला त्या आकड्याकडे बोट दाखवून नाही म्हणता आलं पाहिजे, आणि सरपंचांनी त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे.

शेवटचा कागद उपयोगिता प्रमाणपत्राचा. बिलाची प्रत, नोंदवहीच्या पानाची प्रत, ठिकाण आणि तारीख उमटलेले फोटो, तालमीचा पानभर अहवाल. हे प्रमाणपत्र महिन्याच्या आत पाठवा आणि त्याचीही पोच घ्या. ते थकलं की पुढच्या वर्षीच्या मागणीवर ‘मागील उपयोगिता प्रमाणपत्र अप्राप्त’ असा शेरा येतो, आणि दुसरी बोट तिथेच अडते.